टक्

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं स्टार्टचं बटण दाबलं की दोन-चार सेकंदांत दाराच्या उजव्या अंगाने एक आवाज येतो. टक्. कुकरच्या शिट्ट्या बाहेरच्या खोलीतून मोजणारी, टाकी भरत आल्याचं नुसत्या पाण्याच्या आवाजावरून सांगणारी माणसं घरोघर असतात, पण हा टक् कुणी ऐकत नाही. तो यायचा थांबतो, मशीन मुकाट उभं राहतं, पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकायला लागतात, एलजीवर ‘डीई’, सॅमसंगच्या नव्या मॉडेलांवर ‘डीसी’, आणि मग कळतं की इतकी वर्षं इथे कुणीतरी रोज हजेरी देत होतं.

हा आवाज दाराच्या लॉकचा. काडेपेटीहून थोडी मोठी प्लॅस्टिकची डबी, पुढच्या पत्र्यामागे दोन स्क्रूंवर बसवलेली. जुन्या वाड्यांच्या दरवाजाला आतून अडसर असायचा. भिंतीतल्या खोबणीतून तो ओढून समोरच्या भिंतीत सारला की बाहेरून कुणी कितीही धडका देवो. मशीनच्या दाराला अडसर घालणारी खिटी जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांएवढी असते, पण तिच्यावर भिस्त केवढी! ड्रमचा व्यास 48 सेंटिमीटर आणि पिळताना मिनिटाला 1200 फेरे धरले, तर ड्रमच्या कडेला चिकटलेला शर्ट ताशी सुमारे 108 किलोमीटरने पळत असतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीलाही 100 च्या पुढे मुभा नाही. ‘अगं, हा एक मोजा राहिला’ म्हणून त्या वेळी कुणी दार उघडू नये, एवढ्यासाठी ही खिटी.

आता ती चालते कशी. बहुतेक घरगुती मशीनमधलं लॉक उष्णतेवर चालतं, हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. डबीत एक चिनी मातीसारखी दिसणारी छोटी चकती असते, तिला पीटीसी म्हणतात. मूळ पदार्थ बेरियम टायटॅनेट. वीज मिळाली की ती झपाट्याने तापते आणि ठरावीक तापमानाच्या पुढे तिचा विजेला होणारा रोध एकाएकी हजारो पटींनी वाढतो. त्यामुळे ती जळून जात नाही, तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटशिवायच त्या तापमानाच्या उंबरठ्यावर बसून राहते. प्लगमध्ये खोचायच्या डासांच्या औषधाच्या मशीनमध्येही बहुधा हिचीच बहीण असते. चकतीला टेकून दोन धातूंची जोडपट्टी. दोन्ही धातू सारख्या मापाने प्रसरण पावत नाहीत, म्हणून तापली की पट्टी वाकते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात आपल्या सागरी घड्याळासाठी ही युक्ती काढली, आज ती आपल्या इस्त्रीत आहे आणि लॉकमध्येही. पट्टी वाकते, खिटी ढकलते, त्याच झटक्यात एक विजेचा संपर्क जुळतो. तोच टक्. संपर्क जुळला की मशीनच्या बोर्डाला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक मेंदूला, निरोप जातो, दार बंद आहे, पाणी घ्या.

या रचनेतच पहिल्या तक्रारीचं उत्तर आहे. धुणं संपलं, शिट्टी वाजली, तरी दार उघडत नाही. कसं उघडेल? पट्टी अजून गरम आहे. ती निवायला एक ते दोन मिनिटं लागतात आणि निवल्याशिवाय खिटी मागे येत नाही. नेमकी याच दोन मिनिटांत घाई झालेली माणसं हँडलला हिसका देतात. हँडल तुटण्याच्या किती तक्रारी या दोन मिनिटांतल्या असतात, ते कुठलाही मेकॅनिक हसत सांगेल.

काही मशीनमधलं लॉक मात्र वेगळं, कॉइलवर चालणारं. विजेचा क्षणभराचा झटका आला की खिटी खाली, पुन्हा झटका आला की वर, खटक्याच्या बॉलपेनसारखं. त्याचा टक् जास्त खणखणीत आणि बटण दाबताच येणारा. भारनियमनात फरक कळतो. वीज गेली की पट्टीवालं लॉक दोन मिनिटांत आपोआप सैल होतं, आत पाणी असो वा नसो, तेव्हा ओढण्याआधी काचेतून पाहून घ्यावं. कॉइलवालं मात्र वीज परत येईपर्यंत पहारा सोडत नाही.

दाराच्या लॉकची तक्रार म्हणून जे सांगितलं जातं, त्यात लॉक पुष्कळदा निर्दोष असतं. दार उघडत नाही, यातला खरा आरोपी बहुतेक वेळा खाली, पाणी उपसणाऱ्या ड्रेन पंपाच्या फिल्टरमध्ये दडलेला. मशीनच्या पुढे खालच्या कोपऱ्यात झाकण असतं, त्यामागे फिरवून काढायचा फिल्टर. त्यात नाणी, ब्लाउजचे हूक, शर्टाच्या कॉलरीतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, टाचणी आणि राखाडी रंगाचा लोकरीसारखा गाळ सापडतो. पाणी उपसलं जात नाही, म्हणून बोर्ड दार सोडत नाही, आणि बोल लॉकला बसतात. फिल्टर उघडण्याआधी शेजारची बारीक नळी बाहेर काढून ताटलीत पाणी सोडावं, पसरट ताटली घ्यावी, बादली तिथे मावत नाही. गरम पाण्याचं धुणं असेल तर आधी निवू द्यावं. एकदम फिल्टर फिरवला तर गॅलरीत पूर येतो आणि पाय भाजतात.

फिल्टर साफ आणि आत पाणीही नाही, तरी दार घट्ट. मग संशय प्रेशर स्विचच्या नळीवर घ्यावा. टबच्या, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाण्याच्या टाकीच्या, तळाजवळून एक बारीक रबरी नळी वर सेन्सरपर्यंत जाते, पाणी चढलं की तिच्यातली हवा दाबली जाते, त्या दाबावरून मशीन पाण्याची पातळी ओळखतं. नळीच्या तोंडाशी साबणाचा चिखल बसला की हवा अडकते आणि रिकाम्या टबातही पाणी असल्याचा भास होतो. वरच्या टोकाची नळी काढून हलकी फुंकर मारली की पुष्कळदा काम होतं. सेन्सरच्या बाजूने मात्र फुंकू नये. आणि हे सगळं करण्याआधी पडद्यावर ‘सीएल’ तर नाही ना, हे पाहावं. ते चाइल्ड लॉक. ठरलेलं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की जातं. मेकॅनिक आला, एक बटण दाबलं आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला, अशा घटना यावरच घडतात.

उलट बाजूची तक्रार म्हणजे दार बंद केलं, पण टक् येतच नाही. इथेही आधी लॉकवर जाऊ नये. सगळ्यात आधी दाराभोवतीच्या रबराच्या कडेवर बोट फिरवावं. ओढणीचं टोक, पायजम्याची नाडी, बनियनची पट्टी, काहीतरी दारात अडकलेलं असतं आणि दार दोन मिलिमीटर बाहेर राहिलेलं असतं. एवढं पुरतं. मग दाराचा आकडा, म्हणजे दाराच्या कडेला असलेलं ते चोचीसारखं हुक. ते लॉकच्या भोकात शिरतं आणि आतली एक वेगळी, सरकती पट्टी ढकलतं. ती सरकली तरच खिटीला उतरायला जागा होते. आकडा बोटाने दाबून पाहावा. स्प्रिंग जिवंत असेल तर तो सटकन परत येतो. लोळागोळा होऊन पडला असेल तर आतली स्प्रिंग तुटली आहे किंवा त्याची बारीक सळी एका बाजूने सरकली आहे. आकडा काही मशीनला जस्ताचा, काहींना प्लॅस्टिकचा असतो. प्लॅस्टिकचा टोकाशी झिजतो. नवा मिळतो आणि लॉकपेक्षा स्वस्त पडतो. बदलायला मात्र दाराची दोन कडी सोडवून काच बाहेर काढावी लागते. तेव्हा स्प्रिंग कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ती उलटी बसली की आकडा लागतो, पण सुटत नाही.

आकडा ठीक आहे, पण भोकाच्या खालच्या कडेला घासल्याची पांढरी खूण दिसते? तर दार लोंबलंय. अर्धं उघडलेलं दार धरून हलकेच वर उचलावं. तीन-चार मिलिमीटरचा खेळ जाणवला तर बिजागरीचे स्क्रू सैल आहेत किंवा बिजागरीच वाकली आहे. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. उघड्या दारावर ओल्या कपड्यांची बादली टेकवणं, लहान मुलांनी त्यावर झोका घेणं आणि सात किलोच्या मशीनमध्ये चादरी कोंबकोंबून भरणं. कपड्यांच्या वर आडवा हात शिरेल एवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर सगळा भार काचेवर आणि काचेवरून आकड्यावर येतो. स्क्रू आवळताना कुणीतरी दार वर उचलून धरावं, एकट्याने ते जमत नाही.

टॉप लोडवाल्यांनी हसू नये. त्यांच्या झाकणातही चुंबक आणि स्विच असतो किंवा झाकणाखाली खटका. झाकणाचा कोपरा तुटला की पिळणं बंद.

आकडा, बिजागरी, रबर सगळं ठीक आहे आणि टक् नाहीच, तेव्हा लॉकची पाळी. प्लग काढून, हातात रोध मोजायचा मल्टिमीटर घेऊन. पट्टीवाल्या लॉकला बहुधा तीन पिना असतात, त्यांची नावं डबीवर कोरलेली असतात, क्रम मात्र मॉडेलगणिक बदलतो, तेव्हा आठवणीवर विसंबू नये. लाइन आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये थंड पीटीसीचा रोध साधारण काही शे ते दीड-एक हजार ओहम दाखवतो. मीटर हललंच नाही तर चकती फुटली आहे किंवा तिचा संपर्क सुटला आहे. लॉक गेलं. रोध बरोबर आहे, पण मशीन चालू केल्यावर टक् येत नाही, तर बहुधा लॉकपर्यंत वीज पोचतच नाही. त्याला वायर, सॉकेट किंवा बोर्ड जबाबदार. मुंबईत, कोकणात वायरचं कारण बऱ्याचदा उंदीर, कारण मशीनचं तळ उघडं असतं आणि रात्री आत ऊब असते. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पिनाही पाहाव्यात. चालू मशीनमध्ये 230 व्होल्ट मोजण्याचं काम मात्र सवय असलेल्या हातांनीच करावं.

सगळ्यात फसवी तक्रार ती, जिच्यात टक् येतो, मशीन सुरू होतं आणि अर्ध्या तासाने मध्येच थांबतं. पुष्कळ मशीनमध्ये हीटरची वीजही लॉकमधल्या त्या इवल्या संपर्कातून जाते. 2000 वॉटचा हीटर म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 8.7 अँपिअर. वर्षानुवर्षं हे वाहून संपर्क काळा पडतो, थंड पाण्याच्या धुण्याला पुरतो, गरम पाण्याला दगा देतो. लॉक काढून पाहिलं तर पिनेजवळचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असतं आणि जळका वास येतो. ते घासून चालवायचं नसतं.

तोवर कपडे आत अडकलेले असतात. आधी फिल्टरच्या झाकणामागे पाहावं. काही मशीनना तिथे रंगीत पट्टी असते, खाली ओढली की दार सुटतं. नसेल आणि हँडल तुटलं असेल, तर गोधडी शिवायचा जाड दोरा दीड मीटर घ्यावा, मांजा नको, हात कापेल. दार आणि पत्रा यांच्या फटीतून आकड्याच्या बाजूने तो आत सरकवावा, वरचं आणि खालचं टोक धरून बिजागरीच्या दिशेने ओढावा. दोरा आकड्याला मागे ढकलतो. प्रत्येक मशीनला लागू पडत नाही. मग शेवटचा मार्ग वरून. प्लग काढून मागचे दोन स्क्रू सोडवून वरचं झाकण मागे सरकवायचं, मशीन दुसऱ्याने मागे कलतं धरायचं म्हणजे टब पत्र्यापासून दूर जातो, आणि त्या फटीतून हात घालून लॉकची खिटी चाचपायची. पत्र्याच्या कडा धारदार असतात, पूर्ण बाहीचा शर्ट घालावा.

लॉक बदलणं त्यामानाने सोपं. रबराच्या बाहेरच्या ओठावर तारेची कडी असते, तिची स्प्रिंग बहुधा तळाशी. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग उचलून कडी काढायची, उजव्या बाजूचं रबर आत दुमडायचं, लॉकचे दोन स्क्रू सोडवायचे. दुसरा स्क्रू सुटताना लॉक दुसऱ्या हातात असू द्यावं, नाहीतर ते पत्र्यामागे पडतं. कनेक्टरची जीभ दाबून काढायची, वायर खेचायची नाही. नवं लॉक मॉडेल नंबरावरूनच घ्यावं, ‘सगळ्यांना चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडचं नको.

त्रास होतो तो तारेची कडी परत बसवताना. वरून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी खाली यायचं, वर आणि बाजूंना चिकटपट्टीने तार धरून ठेवायची, स्प्रिंग शेवटी ताणायची. पहिल्या तीन प्रयत्नांत ती सुटून बोटावर बसते, हे गृहीत धरावं. रबराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं खालीच राहिली आहेत ना ते पाहावं.

मग मशीनखाली वर्तमानपत्र सरकवून रिकामं रिन्स लावायचं. टक् येतो, पाणी येतं, ड्रम फिरतो. संपल्यावर कागद ओढून पाहायचा, कोरडा असेल तर कडी नीट बसली. दोन मिनिटांनी दुसरा टक् येतो, पहिल्यापेक्षा मवाळ. हँडल तेव्हा ओढायचं.