वरणाची पातळी आणि काकूंचा नातू

डिसेंबरात नागपूरला आले की धरमपेठेतल्या आमच्या फाटकापाशीच चौकशी सुरू होते. या वेळी शेजारच्या काकू होत्या. "काऊन गं, बोलायची डॉक्टर झाली म्हणे तू तिकडं? आमच्या पोट्ट्याचं 'र'चं 'ल' होते, पाहून दे ना."

डॉक्टर नाही. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीत मास्टर्स करतेय अमेरिकेत. मलाही आधी वाटायचं की उच्चार शिकवणारे लोक म्हणजे आम्ही. पण गिळण्याच्या तक्रारीही आम्हीच बघतो, त्यामुळे गेल्या गेल्या हातात आली ती 10 मिलीची सिरिंज.

तिचं खालचं तोंड बोटाने बंद करायचं, पातळ पदार्थ भरायचा, बोट सोडायचं आणि 10 सेकंदांनी परत लावायचं. मागे 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाची पहिली पातळी, 4 ते 8 दुसरी, त्याहून जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर तिसरी. पाणी अर्थातच शून्य. मी खोलीवर येऊन तुरीचं वरण गाळून मोजलं. दुसरी पातळी निघाली! आईच्या हातचं असतं तर तिसरी नक्की.

हा खेळ नाही. लकवा झाल्यावर गिळायचे स्नायू वेळेवर हलत नाहीत. पाणी सगळ्यात पातळ, म्हणून सगळ्यात आधी तेच श्वासनलिकेत घसरतं. काहींना तर ठसकाही लागत नाही, थेट न्यूमोनियाच होतो. म्हणून बेरियम पाजून एक्स-रेवर घोट कुठे जातोय ते चालू असतानाच बघतात, आणि मग ठरतं की या माणसाला किती दाट चालेल.

आमच्या आजोबांना शेवटच्या वर्षी आम्ही मान मागे करून चमच्याने पाणी पाजायचो. ठसका लागला की आजी म्हणायची, कोणीतरी आठवण काढून राहिलं. मान मागे केली की श्वासनलिकेची वाट उलट जास्त मोकळी होते, हे मला वर्गात कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांच्यासाठी. आपल्याकडे बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी ही वाणी-श्रवणाची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं, मग आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. म्हैसूरची आयिश ही वाणी-श्रवणाची राष्ट्रीय संस्था 1965 पासून आहे. आपल्याकडे कान आणि वाणी एकाच पदवीत शिकवतात. तिकडे दोन्ही वेगळं, आणि ऑडिओलॉजीसाठी तर डॉक्टरेटच लागते. वाणीसाठी मास्टर्स, 400 तास क्लिनिकल काम, प्रॅक्सिस परीक्षा आणि नंतर किमान 36 आठवडे देखरेखीखाली नोकरी. शिवाय प्रत्येक राज्याचा परवाना. नोकऱ्या सगळ्यात जास्त शाळांमध्ये, कारण 1975 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांना ही सेवा देणं भागच पडलं. बाकी दवाखाने, वृद्धांची केंद्रं, आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी घरोघरी जाणं.

शाळेतल्या माझ्या पहिल्या केसमध्ये मराठी घरातला सहा वर्षांचा मुलगा होता. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखेच म्हणतो, अशी बाईंची तक्रार. माझ्या सुपरवायझरने एवढंच विचारलं, "घरच्या भाषेत हे दोन वेगळे आहेत का?" नाहीत, आपला 'व' एकच. मग थेरपी कशाची? फाइल बंद. पुण्यात कॉलेजात 'करून राहिली' म्हटलं की सगळे हसायचे, मी ते बळेच सोडलं होतं. त्या संध्याकाळी आईला फोन लावून पहिलंच वाक्य बोलले, "काय करून राहिली?"

तर काकूंचा नातू. तीन वर्षांचा. ओट्यावर बसून अर्धा तास गप्पा मारल्या. ऐकू नीट येतं, वाक्यं लांबलचक, बाकी सगळं स्वच्छ. 'र' उशिरा येणाऱ्या वर्णांपैकी. म्हटलं, काकू, अजून वाट पाहा, त्याला टोकू नका.

"एवढं कर्ज काढून शिकली," काकू आईला म्हणाल्या, "न् सांगते काय, तर वाट पाहा."

पोट्टं तोवर माझ्या पिशवीत हात घालून 'संत्लं' शोधत होतं.