अँटीबच्या तिघी : अभिवाचनाची नोंदवही, जानेवारी ते मार्च

मंडळी, यंदा वर्षाच्या सुरुवातीपासून एकच कथा धरून बसले आहे : सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाची ‘द थ्री फॅट विमेन ऑफ अँटीब’. १९३३ सालची कथा, १९४०मध्ये त्याच्या संग्रहात आली. हीच निवडली त्याला एक व्यवहारी कारणही आहे. मॉम १६ डिसेंबर १९६५ला गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे २०२५ सरलं आणि भारतात त्याचं लेखन मोकळं झालं. ब्रिटनमध्ये मात्र ७० वर्षांचा नियम आहे, तिथे २०३५ संपेपर्यंत थांबायचं; तिकडच्या नातेवाइकांसाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अनुवादाचे हक्क वेगळे असतात, म्हणून मराठी संहिता माझी मीच केली. वाचायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो.

कथा माहीत नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. बिअट्रिस, ॲरो आणि फ्रँक (ही बाईच, फ्रान्सिस हिक्सन) या चाळिशीतल्या, खात्यापित्या घरच्या मैत्रिणी. दरवर्षी वजन उतरवायला कार्ल्सबादच्या झऱ्यांवर जाणाऱ्या, एकाच डॉक्टरच्या शिस्तीतल्या. हे कार्ल्सबाद म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. ब्रिज हा पत्त्यांचा खेळ आणि वजन या दोन गोष्टींनी तिघींना बांधून ठेवलंय. एका उन्हाळ्यात त्या फ्रेंच किनाऱ्यावर अँटीबला घर घेतात. उकडलेली अंडी, कच्चे टोमॅटो, वजनकाटा असा सगळा बंदोबस्त. पण ब्रिजला चौथा हात, म्हणजे चौथा खेळाडू लागतो, म्हणून फ्रँक नात्यातल्या लीना फिंचला बोलावून घेते. लीना सडपातळ, काहीही खाल्लं तरी अंगाला न लागणारी, नवरा नुकताच गेलेली. आणि पहिल्याच जेवणाला ती पाव मागते.

वाचणाऱ्याच्या दृष्टीने कथेचा सगळा भार या जागेवर आहे. तिघींपैकी कुणीही दहा वर्षांत पावाला हात लावलेला नाही. लीना अगदी सहज विचारते, थोडा पाव मिळेल का? मग लोणी. मग बटाटे. फ्रँक पहिल्यांदा सावरते आणि पाव आणायला सांगते. मी इथे लीनाच्या प्रश्नानंतर थांबते, आणि श्रोत्यांतून आवाज येईपर्यंत पुढे जात नाही. आवाज येतोच. कधी ‘अगं बाई’, कधी नुसता सुस्कारा. घरी एकट्याने वाचताना डोळा पुढच्या ओळीवर जातो, ही शांतता कुणाच्या वाट्याला येत नाही. पाव लांब, कडक कवचाचा, फ्रेंच पद्धतीचा. लीना तो उभा चिरते आणि लोण्याचा थर देते. ही दोन वाक्यं मी सगळ्यांत सावकाश वाचते.

जानेवारी

पहिलं वाचन संक्रांतीनंतर, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे केलं. बहुतेक साठीच्या पुढच्या. मला वाटलं होतं, हसू तिघींच्या लठ्ठपणावर येईल. तसं झालं नाही. पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्या जणी तिघींच्या बाजूला जाऊन बसल्या. ‘समोर तीन बायका टोमॅटो चावतायत, तिला दिसत नाही का?’ ‘पाहुणी म्हणून आलीस तर घरातलं जे आहे ते खा.’ लीनाबद्दलचा राग पानागणिक वाढत गेला. तळलेल्या-भाजलेल्याची, लोण्यात आणि चीजमध्ये तडतडणाऱ्या मॅकरोनीची वर्णनं सुरू झाली तशा बायका पुढे सरकून बसल्या.

मग कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या. वय पंच्याऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, ‘नवरा गेलाय ना त्या पोरीचा? तुम्ही सगळ्या तिचा पाव मोजताय, तिला कुणी विचारलं का, तू कशी आहेस म्हणून?’ आणि त्यांनी त्यांच्या लहानपणची आत्याआजी सांगितली. लाल आलवणातली, सोवळी. दुपारी एकदाच जेवायची, रात्री चुलीपाशी बसून सगळ्यांची ताटं वाढायची. श्रीखंड तिनेच करायचं, चाखायचं मात्र नाही. ‘खाऊ दे की त्या लीनाला पोटभर,’ आजी म्हणाल्या. ‘कुणाच्या बापाचं खातेय?’

या कथेवर मी बरंच वाचलंय, पण ही बाजू कुठे वाचनात आली नव्हती. मॉमने लीनाचं दुःख चार-दोन वाक्यांत उरकलं आहे, वाचणारासुद्धा ते उरकून पुढे जातो. एकभुक्त राहणाऱ्या विधवा जिने घरात पाहिल्या, तिला विधवेने चवीने खाणं ही फार मोठी गोष्ट वाटते. त्या दिवसापासून लीनाचा आवाज मी बदलला. आधी त्यात किंचित लाडीकपणा होता, मुद्दाम खिजवणारा. आता ती साधी बोलते, भूक लागलेल्या माणसासारखी. तिघींचा जळफळाट त्यामुळे जास्त उठून दिसतो, कारण समोरची बाई खरोखर काहीच करत नाही, फक्त जेवते.

फेब्रुवारी

महाशिवरात्र यंदा १५ तारखेला, रविवारी आली. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाचन ठेवलं. ठरवून. निम्मे श्रोते उपाशी आणि निम्मे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाऊन आलेले. गोष्ट संपायच्या आत एका काकांनी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून घेतलंच.

मराठी श्रोत्यांपुढे ही कथा वाचली की दोन गोष्टी निघणार हे धरून चाला. एक म्हणजे पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’. तुलना चांगली आहे, पण तिथे वजन उतरवणारा एकटा आणि सल्ला द्यायला अख्खी चाळ. इथे सल्लागार कुणी नाही, तिघीच एकमेकींवर पहारा देतात. चाळीतला माणूस हरला तर लोक हसतात. अँटीबमध्ये एक जरी ढासळली तरी उरलेल्या दोघींचा धीर सुटतो. शेजाऱ्यापेक्षा जोडीदाराचा पहारा कडक असतो, हे श्रोत्यांना न सांगता कळतं.

दुसरी गोष्ट अर्थातच दीक्षित की दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण आणि ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर आपल्याकडे घराघरांत तट पडलेले आपण पाहिलेत. गच्चीवर एका जोडप्यात तो वाद पुन्हा पेटला आणि मला पुढचं पान बराच वेळ उलटता आलं नाही. कथेसाठी ते चांगलंच झालं. नंतर तिघींच्या भांडणाचा भाग आला तेव्हा सगळे त्या जोडप्याकडे बघत होते.

भांडण कसं वाचायचं, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. आवाज चढवला तर ते नाटक होतं. आता आवाज तोच ठेवते, फक्त वाक्यांमधल्या जागा कमी करते, एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू झाल्यासारखं. भूक लागलेली माणसं अशीच बोलतात. एका तरुणाने नंतर विचारलं, उपाशी राहून माणसं खरंच एवढी तुसडी होतात, की लेखकाने वाढवून लिहिलंय? त्याला मी मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. १९४४-४५मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ती मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला घेतली. मॉमची कथा त्याच्याही अकरा-बारा वर्षं आधीची. तो स्वतः लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात वैद्यक शिकला होता, १८९७मध्ये पात्र झाला. नुसतं खोलीत बसून त्याने माणसं पाहिलेली नव्हती.

मार्च

ध्वनिमुद्रणाचा पहिला खर्डा ओळखीतल्या तरुण मंडळींना पाठवला. (माइक तोंडापासून दीड वीत दूर आणि किंचित बाजूला, खाण्याच्या वर्णनांत ओठांचे आवाज फार येतात, सरळ समोर ठेवू नका. पार्श्वसंगीत नाही. भुकेला संगीताची गरज नसते.)

इथल्या प्रतिक्रिया अगदी वेगळ्या. बऱ्याच जणांना सुरुवातीची शरीरांची वर्णनं खटकली. ‘लठ्ठ’ हाच विनोद आहे का, असं एका भाचीने सरळ विचारलं. दुसऱ्या एका मुलीने वजनकाट्याचा उल्लेख आला तिथेच ऐकणं थांबवलं; कॉलेजात असताना तिने स्वतःला उपाशी ठेवून ठेवून बरंच आजारपण काढलं होतं. तिचा निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. साठीपुढच्या बायकांना जे आपल्या घरचं वाटलं, ते तिच्यासाठी दवाखान्यातलं होतं.

शीर्षक मी बदलणार नाही, ते लेखकाचं आहे. पण सुरुवातीला एक वाक्य घातलंय, की या कथेत वजन, आहार आणि उपासमारीची वर्णनं आहेत. आणि ती वर्णनं आता एका पट्टीत वाचते, कुठल्याही शब्दावर टिचकी न मारता. निवेदकाची नजर तिथे बोचरी आहे, हे खरंच. वाचणाऱ्याने त्यात आपली भर घालायचं कारण नाही. माझं मत असं की हसू जिथे खरं येतं ती जागा शरीराची नाहीच, आणि हे शेवट वाचताना सिद्ध होतं.

शेवट असा. लीनाला गाडीवर पोचवून फ्रँक परत येते, तर बिअट्रिस हॉटेलात समुद्राकडे तोंड करून बसलेली. पुढ्यात गरम क्रॉसाँ, लोणी, स्ट्रॉबेरीचा जॅम, कॉफी, साय. फ्रँक खवळते, आणि मग तिच्याच टेबलाशी बसून तेच मागवते. थोड्या वेळाने ॲरो येते, दोघींना शिव्या घालते आणि तीही खुर्ची ओढते. तिघी जेवत सुटतात. आणि तोंड भरलेलं असताना एकमत होतं, की लीनाला ब्रिज अजिबात येत नव्हता.

आता इतका वेळ लीनाच जिंकत होती, हे श्रोत्यांनी ऐकलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांत मोठं हसू या धडधडीत खोट्यावर येतं. जानेवारीत आलं, गच्चीवर आलं, तरुणांनीही तिथेच हसण्याच्या खुणा पाठवल्या. क्रॉसाँवर नुसती खसखस पिकते.

तिघी खऱ्या मैत्रिणी होत्या का, यावर मात्र अजून निकाल नाही. भाचीच्या मते चौथीचा द्वेष करायला मिळाला म्हणून त्या एकत्र आल्या, याला मैत्री म्हणत नाहीत. ब्रिज खेळणारे एक निवृत्त काका म्हणाले, पाव वगैरे निमित्त, पत्त्यांत हरल्याचा तो राग. मॉमला स्वतःला ब्रिजचं वेड होतं, तेव्हा काकांचं म्हणणं मी सहजी सोडणार नाही. जानेवारीतल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘तिघींनी मिळून खोटं बोलल्या ना? मग मैत्रिणीच.’ मी आजींच्या बाजूची आहे. दहा वर्षं एकमेकींच्या ताटावर नजर ठेवणाऱ्या बायका एका खोट्यावर क्षणात एक होतात आणि कुणी कुणाला त्याचा जाब विचारत नाही. इतकी मोकळीक परक्या माणसाला देता येत नाही.

एक अडचण उरली आहे. ब्रिज न खेळणाऱ्यांना चौथ्या हाताची निकड पोचत नाही. सध्या वाचनाआधी दोन वाक्यांत सांगते : मेंढीकोटासारख्याच समोरासमोरच्या दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं, पण आधी किती हात करणार याची बोली, आणि बोली जिंकणाऱ्याचा जोडीदार पानं उघडी मांडून गप्प बसतो. मेंढीकोट म्हटलं की वयस्कर श्रोत्यांना लगेच कळतं, कारण तिथेही तीन जणांत डाव बसत नाही. तरुणांना मेंढीकोटही ठाऊक नाही. एप्रिलमध्ये अंतिम मुद्रण करायचं आहे, त्याआधी खेळाच्या प्रसंगातले उच्चार आणि बोली कुणा जाणत्याकडून तपासून हव्यात. तुमच्यापैकी कुणी नियमित ब्रिज खेळत असाल तर ती तीन पानं पाठवते.