जत्रेतल्या छर्र्याच्या बंदुकीपासून मॅच रायफलपर्यंत, आमची वाटचाल

वडलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात एकच लेथ होतं, पंपाचे शाफ्ट, बुश, गुऱ्हाळाचे सुटे भाग असलं काम. चैत्रात जोतिबाच्या यात्रेआधी फुगे फोडायच्या स्टॉलवाले छर्र्याच्या बंदुका पोत्यात गुंडाळून घेऊन यायचे, आणि तक्रार ठरलेली, "मालक, जोर ऱ्हायला नाही हिच्यात." खोललं की पिस्टनवरचा चामड्याचा वॉशर वाळून खडखडीत, नाहीतर स्प्रिंग एका अंगाला वाकलेली. वडील चप्पल लाईनमधनं चामडं आणायचे, भिजवून साच्यात दाबून त्याची वाटी करायचे, वाळली की तेलात मुरवायचे. पण तेल मोजून. जास्त झालं की दाबानं ते आत पेटतं, धूर येतो, आवाज मोठा होतो, गिऱ्हाईक खूश होतं की बंदूक जोरात मारते, आणि तिकडं स्प्रिंग आणि सील दोन्ही लवकर जातात. हे मी शाळेत असतानाच शिकलो आणि आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

२०१० ला आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनी म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या रायफल प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्यानंतर पोरं रायफल शिकायला लागली आणि हळूहळू आमच्याकडं १० मीटरच्या मॅच रायफली, म्हणजे स्पर्धेतल्या हवेवर चालणाऱ्या रायफली, यायला लागल्या. सगळ्या सेकंड हँड, कारण नव्या इम्पोर्टेड रायफलीची किंमत शेतकऱ्याच्या घरात परवडतच नाही. पहिली आली ती जुनी जर्मन, बाजूच्या लिव्हरची. आतलं सील जुन्या मेणासारखं झालेलं, बोट लावलं की चुरा. नवं सील मिळेपर्यंत ती टेबलावर पडून होती, तेवढ्यात मी ती तीनदा खोलून जोडली आणि प्रत्येक पिनेचं माप वहीत लिहिलं. ती वही अजून आहे.

आता कोणी जुनी रायफल तपासायला आणली की आधी ज्या दाबाच्या हवेवर छर्रा सुटतो त्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघतो. बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं, त्यापुढं मॅचला चालत नाही आणि ही जबाबदारी खेळाडूचीच असते. मग २०० बार दाबाला भरून रात्रभर ठेवायची, सकाळी दाबाचा काटा उतरला असेल तर कुठली तरी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी रिंग, गेलीय. नंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, दहा छर्रे. वेग साधारण सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, दोन-तीनचा फरक चालतो, पण थोडा वेळ ठेवून मारलेला पहिलाच छर्रा जोरात जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा ठरलेल्या दाबानं पुढं सोडणारा भाग, दाब धरत नाही, हवा हळूहळू पुढं सरकतीय. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो हो, तिथं एवढं पण जाणवतं.

नळी झिजलीय का हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, पण शिशाचा छर्रा मऊ, एअर रायफलची नळी सहसा झिजत नाही. खराब होते ती तोंडाशी, कोणीतरी पुढून लोखंडी गज घालून साफ केलेली असते. तोंडावर कापूस फिरवायचा, धागा अडकला की समजायचं. ट्रिगरच्या झिजलेल्या कडा मात्र आम्ही कानशीनं घासत नाही, पार्ट बदलतो, कारण घासलेला ट्रिगर बोट न लावता सुटला तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

एक चूक मनाला लागलेली आहे. सुरुवातीला ओरिजिनल ओ-रिंग यायला महिना लागायचा म्हणून मी हार्डवेअरमधली त्याच मापाची बसवली. माप बरोबर होतं, पण रबराचा कडकपणा (शोअर मापात) ७०, आणि त्या दाबाला ९० ची लागते. मऊ रिंग फटीत दाबली जाऊन कापली गेली आणि एका पोरीची रायफल मॅचच्या मधेच हवा सोडायला लागली. तिच्या वडलांकडनं पैसे घेतले नाहीत, पण तिचं ते वर्ष मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून मापासोबत कडकपणा पण वहीत लिहितो.

.२२ किंवा कुठलीही बारुदाची रायफल आम्ही हातात घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्या दुरुस्तीला वेगळं लायसन्स लागतं, ते आमच्याकडं नाही, त्यामुळं कोणी कितीही ओळखीचा असला तरी परत पाठवतो.

२०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनी पॅरिस ऑलिम्पिकला रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासनं आईबाप रायफल घेण्याआधीच फोन करतात. परवा भुदरगडकडनं एक जण पोराला घेऊन आले, रायफल चांगली होती, नळीचं तोंड साफ, वेग एकसारखा, फक्त सिलिंडरला सात महिने उरलेले. म्हटलं, नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतनं कमी करून मागा, विकणारा तयार झाला तरच घ्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, कमी केले. घेतली." शनिवारी पोरगं ती घेऊन येणार आहे, सगळ्या ओ-रिंगा बदलायच्या आहेत, त्याला समोर बसवूनच बदलणार.