आडनावातला क्यू

म्हापशात आमचं ऑफिस आहे, पोर्तुगीज कागदपत्रांचं. लिस्बनला जन्म रजिस्टर करणं, जुने दाखले ट्रान्सलेट करून घेणं, सिटिझन कार्डचे फॉर्म, असलीच कामं. हरवलेला माणूस शोधायचं काम कधी केलं नव्हतं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका शुक्रवारी, बाहेर बाजार नुसता भरलेला, पेडण्याचे एक काका आले, रिटायर्ड बस कंडक्टर, सोबत त्यांची लग्न झालेली मुलगी. काका खुर्चीवर बसले पण पिशवी काही मांडीवरून खाली ठेवेनात. म्हणाले, "बाय, तुमच्याकडे आमच्या धाकट्याची फाइल केलेली, आठवतं? तो सापडत नाही."

मुलगा अमेरिकेत होता, आम्हीच कागद केलेल्या पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेला. पोर्तुगालचा पासपोर्ट असला की तिकडे फिरायला जायला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन परवानगी काढायची आणि ९० दिवस राहायचं. हा ९० दिवस संपल्यावर आलाच नाही, न्यू जर्सीत एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागला. चूक झाली हे काकांनी स्वतःच सांगितलं, काही लपवलं नाही. पाच दिवसांमागे रूममेटचा फोन आला की इमिग्रेशनवाले घेऊन गेले, कुठे नेलं ते माहीत नाही, आणि तेव्हापासून मुलाचा फोन बंद.

मुलगी हुशार, तिने आयसीईचा, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशनवाल्यांच्या खात्याचा, धरलेली माणसं शोधायचा ऑनलाइन लोकेटर शोधून काढला होता. धरून ठेवलेल्या माणसाला तिथे नऊ आकडी नंबर देतात, ए नंबर म्हणतात त्याला, तो असला तर काम सोपं, पण तो यांच्याकडे कुठून असणार. मग दुसरा रस्ता म्हणजे नाव, आडनाव आणि जन्माचा देश. नाव पासपोर्टाशी अगदी तंतोतंत जुळावं लागतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर रेकॉर्ड नाही म्हणून सांगतो. ही बिचारी पाच दिवस रात्री जागून तेच टाकत होती आणि प्रत्येक वेळी रिकामी पाटी.

काका म्हणाले, "आपल्या इंडियन कॉन्सुलेटला सांगितलं तर?" आता त्यांना कसं सांगायचं. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, दुसरा पासपोर्ट घेतला त्या दिवशी तो भारताचा नागरिक राहिला नाही, म्हणजे अडचणीत धावून यायचं काम पोर्तुगालच्या कॉन्सुलेटचं. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमात आहे, परदेशात धरलेल्या माणसाने मागणी केली तर त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवायचं. पण याला ते माहीत असेल का, आणि बोलायची हिंमत झाली असेल का, कोण जाणे.

मी कपाटातून त्याची फाइल काढली. गोव्यात १९ डिसेंबर १९६१च्या आधी जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना हा पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, तर सगळ्यात खाली त्याच्या आजोबांचा पोर्तुगीज काळातला दाखला, झेरॉक्सची झेरॉक्स, शाई फिकट. आडनाव इथे नाईक धरून चला, खरं वेगळं आहे. पोर्तुगीज लोक नाईक लिहिताना शेवटी के लावत नव्हते, त्यांच्याकडे के जवळजवळ वापरतच नसत, ते लिहायचे क्यू-यू-ई. गावकरला सी, परबचं पोरोबो, जुन्या दाखल्यांत असंच सगळं. आणि आम्हीच तेव्हा सांगितलं होतं की आजोबांच्या दाखल्यावर आहे तसंच ठेवा, नाहीतर लिस्बनहून फाइल परत येईल. माझ्याच हाताने टाइप केलेलं, मीच विसरले होते. घरी, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर सगळीकडे के, आणि पासपोर्टावर मात्र क्यू.

बहिणीने एवढे दिवस के टाकला होता. आणि देश म्हणून पोर्तुगाल, कारण पासपोर्ट तिथला. पण लोकेटर नागरिकत्व विचारतच नाही, जन्म कुठे झाला ते विचारतो, आणि हा जन्मला इथेच, म्हापशाच्या हॉस्पिटलात.

क्यू-यू-ई टाकलं, देश इंडिया, आणि सर्च. नाव आलं. आयसीईच्या कस्टडीत, ठेवलेलं सेंटर लुइझियानात. न्यू जर्सीत धरलेला पोरगा दीड-दोन हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवलेला.

काकांनी चष्मा लावून स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तो खोट्या नावाने गेलेला काय?" मी फाइल त्यांच्या पुढ्यात ठेवली, त्यांच्या वडिलांच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. ते बराच वेळ त्या झेरॉक्सकडेच बघत बसले, मग म्हणाले, मला ह्याची पण एक कॉपी द्या.

संध्याकाळी साडेसहाला त्या सेंटरला फोन लावला, तिकडे सकाळचे आठ. आतल्या माणसाला फोन देत नाहीत, त्यानेच बाहेर करायचा. फोनवरच्या बाईने निरोप लिहून घेतला, मी क्यू-यू-ई तीनदा सांगितलं. पोर्तुगालच्या कॉन्सुलेटला ईमेल त्याच रात्री केली, पासपोर्टाची कॉपी जोडून.

चौथ्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला. अनोळखी नंबर म्हणून काका उचलणारच नव्हते, मुलीने उचलला. ह्या बिनव्हिसाच्या रस्त्याने गेलेल्याने जज्जसमोर भांडायचा हक्क आत शिरतानाच सोडलेला असतो, आसरा मागायचा अर्ज तेवढा करता येतो, तो ह्याला करायचा नव्हता. म्हणजे परत पाठवणार. काकू दिवस मोजायला लागल्या, मुलगा घरी येणार म्हणून, आणि मला परत सांगावं लागलं की पाठवतील ते गोव्याला नाही, पोर्तुगालला. जिथे तो फक्त कागदावर होता, राहिला एक दिवस नाही.

काका म्हणाले, "लिस्बनात आपलं कोण आहे?"

मी जुनं रजिस्टर काढून बसले. आमच्याकडून कागद करून गेलेला डिचोलीचा एकजण तिथे कुरियरच्या गाडीवर आहे, त्याला व्हॉट्सॲप केला. फ्लाइटच्या दिवशी तो ड्यूटी बदलून एअरपोर्टवर उभा राहिला, जास्तीचं जॅकेट घेऊन, आणि मला विचारत होता, ताई, बोर्डावर नाव काय लिहू, के का क्यू?

मी म्हटलं, के लिही. घरचं नाव वाचू दे त्याला.