काचेतलं पाणी

दहिवडीहून एसटीनं सातारा आणि साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी. या गाडीत लोणावळा येईपर्यंत मला झोप लागत नाही. पहाटे गाडी तिथं थांबली की मी दारात येऊन उभा राहतो. तिथंच आयएनएस शिवाजी, नौदलाची इंजिनिअरिंगची शाळा. बॉयलर काय, वाफ काय, सगळं मला तिथं शिकवलं. तोवर या माणदेशी पोरानं समुद्र पाहिलासुद्धा नव्हता.

सीएसएमटीला मालवणी वाट बघत उभा होता. त्याचं नाव वेगळं आहे, पण १९८३ पासून मी त्याला मालवणी म्हणतो आणि तो मला माणदेशी. विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये आमचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, एक, मेस एक, बंकही वर-खाली. आता तो डोंबिवलीला असतो. गुडघे दुखतात, तरी जीपीओ, टाउन हॉल करत नौदल गोदीच्या लायन गेटपर्यंत चालतच जायचं, हा त्याचा हट्ट. लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची सुट्टी, मिळाली की कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आम्ही याच दारातनं बाहेर पडायचो.

लायन गेटजवळ विक्रांतचं स्मारक आहे. जहाज मोडलं, त्यातल्या धातूचं शिल्प अर्झान खंबाटा यांनी केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते इथं उभं राहिलं. बाजूनं टॅक्सी, बस जात होत्या. मालवणी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ह्यां लोखंड आमी कधी थंड बगूकच नाय रे."

खरं होतं ते. वर डेकवर विमानं, झेंडे, बँड. आमचं जग पार खाली. एअरलॉकचं एक दार बंद करायचं, मग दुसरं उघडायचं. आत पंख्यांनी हवेचा दाब वाढवलेला, कानांना दडे बसायचे. भट्टीत फर्नेस ऑइलचे फवारे पेटलेले. हवा कमी पडली तर धुराड्यातून काळा धूर, जास्त झाली तर पांढरा, आणि लगेच ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात तिथून, विचारणा. पण सगळ्यात जोखमीचं काम काचेचं. बॉयलरच्या आतलं पाणी किती, ते उभ्या काचेच्या नळीत दिसायचं. पाणी उतरलं तर नळ्या जळणार. चढलं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरून पाती मोडणार. चार-चार तास डोळे त्या काचेवर. चीफ मागून विचारायचे, "पाणी?" आपण सांगायचं, "हाफ ग्लास, चीफ."

ते पाणी साधं नसायचं. समुद्राचं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये उकळून, त्याची वाफ थंड करून ते मिळवायचं. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पाणी दुधाळ झालं, की समजायचं मीठ आलंय. असल्या पाण्यावर पहिला हक्क बॉयलरचा, मग माणसांचा. चारी बाजूंनी समुद्र आणि अंघोळीचं पाणी बंद, असे दिवस कितीतरी आले. इतर पोरं कुरकुरायची. मला काही वाटायचं नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात एका हंड्यात दिवस निघायचा. सुट्टीत आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, मग हितं काय वायलं व्हतं?" पण दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगून आली, की पोरगं जहाजाला पाणी पाजतंय. तिनं माझं काम जसं सांगितलं, तसं पुढं कुठल्याही साहेबालाही सांगता आलं नाही.

विमान उडताना आम्हाला दिसायचं नाही. पण विमान डेकवरून फेकणारी कॅटपल्ट आमच्याच वाफेवर चालायची. अलिझे विमान वर सुटलं की सगळ्या जहाजातून दणका यायचा आणि प्रेशरचा काटा खाली सरकायचा. तो परत वर आणायचा, पुढच्या विमानासाठी. १९७१ च्या वेळी असलेले जुने चीफ सांगायचे, तेव्हा चारपैकी एका बॉयलरला तडा होता. वेग कमी म्हणजे डेकवर वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे जड विमान उचलणं अवघड. तरी ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. हे ऐकताना आमचा हात आपोआप बॉयलरकडे जायचा.

दुपारी गेटवेवरून घारापुरीची लाँच धरली. लेणी बघायची नव्हती, गोदी समुद्रातून बघायची होती. लाइफ जॅकेट चढवून दोघं डाव्या कठड्याला उभे राहिलो. करड्या रंगाची जहाजं ओळीनं उभी. मालवणी एकेक जागा दाखवत होता. म्युझियम झाल्यावर, २०१२ ला ते बंद होण्याआधी, माझ्या मुलांना मी विक्रांतवर नेलं होतं. मुलांना विमानं आवडली. खालचा जिना मात्र दोरी लावून बंद केलेला होता.

परतल्यावर मालवणी म्हणाला, रे रोडला जाऊ, दारूखान्यात तिला जिथं तोडलं ती जागा बघू. मी नको म्हटलं. माणसाचं घर बघावं, सरण बघू नये. त्यापेक्षा चहा घेतला आणि नव्या विक्रांतबद्दल बोलत बसलो. २०२२ च्या सप्टेंबरात कोचीला ती नौदलात आली. तोच आर ११ क्रमांक, तेच ब्रीदवाक्य, 'जयेम सं युधि स्पृधः'. तिच्यात बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. मालवणीला याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. तिथल्या पोरांचंही काही तरी असेलच, ज्यावरून त्यांची नजर हलत नसेल.

रात्री तो मला गाडीत बसवायला आला. स्टॉलवरून पाण्याची बाटली आणली, स्वतः दोन घोट प्यायला, मी प्यायलो आणि बाटली खिडकीच्या कडेला ठेवली. गाडीला धक्का बसला तसं आतलं पाणी हललं आणि स्थिर झालं. बाहेरून, डब्याबरोबर चालत, त्यानं विचारलं, "पाणी?"

"हाफ ग्लास," मी म्हटलं.