रात्रीचा फोन कोण उचलणार?

मागच्या महिन्यात पुण्याहून येताना ट्रॅव्हल्सनं मला पहाटे साडेतीनला नांदेडच्या हिंगोली गेटला उतरवलं. घर सिडकोत, म्हणजे गोदावरीच्या पलीकडं. समोर तीन ऑटो उभे होते, पण कुठल्याच ऑटोत बसायला पाय उचलेना. मामांना फोन लावला. ते म्हणाले, "पहिल्या ऑटोत कोण आहे? फोन दे त्याला." दोघांचं बोलणं झालं. कुठल्या स्टँडचा, राहतो कुठं, ऑटो मालकीचा की भाड्याचा. फोन परत माझ्याकडं आला. "बस माय, ओळखीचा निघाला. पोचलीस की मिस कॉल दे."

दोन मिनिटांत होणारी अशी चौकशी सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची, हे मी सहा महिने शोधतेय.

मामा बावीस वर्षं नांदेडला ऑटो चालवतात. त्यांच्या स्टँडवर ४१ ऑटो आहेत. ह्या ४१ जणांसाठी स्वतःचं ॲप असावं असं मला फार मनापासून वाटतं. हे वेड बंगळुरूतून आलं. तिथं मी ऑफिसला जायला नम्मा यात्री हे ऑटो बोलवायचं ॲप वापरायचे. २०२२ च्या अखेरीस जस्पे ह्या कंपनीनं तिथल्या ऑटोचालकांच्या संघटनेला सोबत घेऊन ते सुरू केलं. फेरीमागं कमिशन नाही. २०२३ मध्ये चालकाला दिवसाला २५ रुपये किंवा फेरीला साडेतीन रुपये अशी वर्गणी लागू झाली. भाडं प्रवासी थेट चालकाला देतो, रोख नाहीतर यूपीआयनं. आणि ॲपचा कोड गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी खुला. त्यातला भाडं मोजायचा भाग मी एका रात्री बसून वाचला, आणि आपण देतो ते पैसे कसे ठरतात हे मला पहिल्यांदा दिसलं.

मामांना हे सांगितलं तेव्हा कोडचं त्यांना काही वाटलं नाही. कमिशन नाही म्हणल्यावर मात्र ते उठून बसले. "म्हणजे भाडं डायरेक्ट हातात? आठवड्यानं नाही?"

"हातात."

"आणि सवारीनं बुडवलं तर?"

ह्या प्रश्नामागं एक जखम होती. उन्हाळ्यात त्यांनी स्टेशनवरून विष्णुपुरीच्या दवाखान्यापर्यंत एक सवारी नेली होती, १८० रुपयांचं भाडं. त्या माणसानं सीटमागचा स्कॅनर स्कॅन केला, हिरवी खूण दाखवली आणि आत गेला. मामांच्या फोनवर मेसेज आलाच नाही. दरमहा भाडं नको म्हणून त्यांनी बोलणारा स्पीकर घेतलेला नव्हता. स्क्रीन खोटी होती. पैसे आधी कंपनीकडं जमा होत असते तर ही फसवणूक चालली नसती, हे मला मान्य करावं लागलं. उलट बाजूही मी सोसलेली आहे. पुण्यात एका ॲपवर मी आधीच पैसे भरले, गाडी आलीच नाही, आणि पैसे परत यायला नऊ दिवस लागले. मधला माणूस काढला की त्याचा वाटा वाचतो, पण भांडण सोडवायलाही कोणी उरत नाही. म्हणून आमच्या आराखड्यात चालकानं स्वतःच्या बँकेचा मेसेज बघून 'पैसे मिळाले' दाबल्याशिवाय फेरी मिटत नाही. न मिटलेल्या फेऱ्या प्रवाशाच्या नावावर दिसतात. पुढच्या चालकाला त्या दिसल्याच पाहिजेत, असं मामा ठणकावून म्हणाले, आणि ते बरोबर आहे.

सुरक्षेचं मात्र इतक्या लवकर सुटलं नाही. नम्मा यात्री ज्या बेकन नावाच्या खुल्या नियमावलीवर उभं आहे, तीत प्रवाशाचं ॲप एकाचं आणि चालकाचं दुसऱ्याचं असू शकतं. दोघांमधल्या निरोपांवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि ती सामाईक नोंदवहीत ठेवलेल्या त्याच्या डिजिटल किल्लीशी ताडून बघतात. अतिशय चांगली रचना आहे. पण ती सही ॲपची असते, हँडल धरलेल्या माणसाची नव्हे. आमच्याकडं परमीट एकाचं आणि चालवणारा दुसरा, हे रोजचं आहे. दिवसा बाप, रात्री पोरगा. ओटीपी सांगितला की आपण बरोबर ऑटोत बसलो एवढं कळतं, समोर बसलाय तो कोण हे कळत नाही. नम्मा यात्रीचा परवाना एजीपीएल आहे: कोड घ्या, बदला, पण तो वापरून लोकांना सेवा देत असाल तर बदललेला कोडही त्यांना खुला करा. मी तो घेऊन काही आठवड्यांत नांदेडचं ॲप उभं करीन. पण त्या कोडसोबत बंगळुरूच्या चालकांची झालेली पडताळणी येत नाही. बॅच म्हणजे चालकाचा बिल्ला, लायसन्स, रात्री कोण चालवतो हे सगळं इथं, एमएच २६ च्या एकेका ऑटोपाशी उभं राहूनच लिहावं लागतं.

लिब्रेटॅक्सी नावाचं आणखी एक खुलं ॲप आहे. टेलिग्रामवर प्रवासी आणि चालक गाठ घालतात, भाव आपसात ठरवतात, पैसे रोख. दिवसाउजेडी आमच्या गावात तेवढं पुरेल. पहाटे साडेतीनला मला पुरलं नसतं.

मग मामीनं विचारलं, "कोड उघडा, म्हणजे पोरींचे नंबर कुणालाबी दिसणार का?" मी म्हणलं, मामी, कुलूप कसं बनतं हे चार लोकांना ठाऊक असलं तरी घर उघडं पडत नाही, किल्ली आपल्या कमरेला असते. मामी थांबली नाही. "मग ही किल्ली कुणाच्या कमरेला राहणार?"

माझ्या. कोणती मुलगी रोज किती वाजता कुठून कुठं जाते, हे सगळं मला एकटीला दिसलं असतं. इतके महिने कोड लिहिताना हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्याच रात्री मी रचना बदलली. फेरीचा मार्ग ९० दिवसांनी पुसला जाईल, आणि त्याआधी तो बघायचा तर दोन माणसांचे पासवर्ड लागतील. दुसरा पासवर्ड स्टँडवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या माणसाकडं असेल.

आणीबाणीच्या बटणाला ११२ जोडायला मला अर्धा दिवस लागला. पण ११२ वर पोलीस येतात, आणि रात्री एकटी बसलेली बाई दरवेळी पोलिसांपर्यंत जायच्या अवस्थेत नसते. तिला कधी नुसतं विचारायचं असतं, हा रस्ता बरोबर आहे का, हा माणूस कोण आहे. मला त्या रात्री तेवढंच विचारायचं होतं. तिथं माणसाचाच आवाज लागतो.

काल रविवारी स्टँडवर आम्ही वही घेऊन बसलो. सतरा ऑटोंची नोंद झाली: बॅच नंबर, दिवसाचा चालक, रात्रीचा चालक, दोघांचे फोटो. चार जणांनी रात्रीच्या चालकाचं नाव द्यायला नकार दिला. त्यांना सध्या घेतलेलं नाही, मामांचा सख्खा दोस्त त्यात असूनही. वहीच्या पहिल्या पानावर 'रात्री ११ ते ५' असं लिहून मी पुढं जागा मोकळी सोडली होती. मामांनी तिथं स्वतःचा नंबर लिहिला. घरी आल्यावर मामीनं वही मागून घेतली आणि त्याच्याखाली तिचा लिहिला. म्हणाली, पोरगी घाबरलेली असली तर तिला आधी बाईचा आवाज ऐकू येऊ दे.