माळ्यावरची बोचकी

आज ऊन चांगलं होतं म्हणून माळ्यावरची बोचकी खाली काढली. इरकलीच्या काठांची भेंडोळी, खणाचे तुकडे, शिंप्याकडून मागून आणलेल्या कतरणी, तुळशीबागेत ‘नुसतं बघते’ म्हणत घेतलेले कटपीस. एका पिशवीत तर फक्त जांभळ्या चिंध्या!

सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढ्यात अख्ख्या वऱ्हाडाची अंथरुणं होतील. गोधडी कुठंय?”

खरं तर गोधडीला नवं कापड लागतच नाही. खळीच्या कापडात सुई अडते. धावदोरा सरसर पळतो तो धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुतीतून. नऊ वारांचं जुनं लुगडं चार पदरी घातलं की पावणेसात फूट लांबीचा गाभा तयार. वर ठिगळं तेवढी जोडायची. आजीच्या काळी लुगडं विरायची वाट बघावी लागे. आमच्याकडे कापड विरतच नाही, कारण ते वापरतंय कोण?

मग काही टाकलं का? छे! उलट त्या मोरपंखी खणाला शोभेलसा पिवळा काही सापडेना. शनिवारी लक्ष्मी रोडला कोण कोण येतंय?